वाळूच्या ट्रॉलीतला दात

ज्यांचा हा भाग एसटीत रेंज गेल्यामुळे अर्धवट राहिला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. बोलताना एका ठिकाणी माझी आकडेमोड गडबडली होती, ती इथे दुरुस्त केली आहे.

विषय कसा निघाला ते आधी सांगतो. राहुरीला माझ्या मामेभावाच्या घराचं काम चालू आहे. वाळूची ट्रॉली आली, मजुरांनी चाळायला घेतली आणि चाळणीवर एक दात राहिला. बोटभर लांब, तपकिरी, वर आडव्या-तिडव्या धारा. भावाने लगेच व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला. खाली मेसेज: "दादा, डायनासोरचा आहे का रे? किती वर्षांपूर्वीचा असेल?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. नाही. दाताच्या वरच्या सपाट भागावर चंद्रकोरीसारख्या रेषा दिसत होत्या. गवत दळून खाणाऱ्या रवंथ करणाऱ्या जनावराचे दात तसे असतात, म्हणजे गाय-बैल-म्हशीच्या घराण्यातलं काहीतरी. सस्तन प्राणी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी देऊ शकलो नाही. तो दात मागच्या पुरात वाहून आलेल्या म्हशीचा असू शकतो, किंवा लाख वर्षांपूर्वीच्या रानबैलाचाही असू शकतो. हातात घेतल्यावर दगडासारखा जड लागतो असं भाऊ म्हणाला, म्हणून दुसरी शक्यता जरा जास्त. पण "जड लागतो" ही काही तारीख नव्हे. तारीख नेमकी कशाने ठरते आणि या दाताची ती का गेली, हाच आजचा भाग.

सुरुवात विहिरीपासून करू, कारण आपल्या भागात जमिनीचे थर बघायला विहिरीइतकी चांगली जागा नाही. नदीकाठच्या शेतात विहीर खणली की वर काळी माती. मग पिवळट-तपकिरी गाळ, त्यात पांढरे चुनखडीचे खडे. नशीब असेल तर वाळू आणि गोटे. मग मुरूम, मग मांजऱ्या, आणि शेवटी काळा पाषाण, ज्याच्यापुढे सुरुंग लावावा लागतो. विहीर खणणाऱ्यांना हा क्रम तोंडपाठ असतो. भूगर्भशास्त्राचा पहिला नियमही हाच: थर विस्कटले नसतील तर खालचा आधीचा, वरचा नंतरचा.

नियम साधा आहे, पण तो फक्त आधी-नंतर सांगतो, किती आधी ते सांगत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कमिट्सचा क्रम दिसतो, टाइमस्टॅम्प दिसत नाही. टाइमस्टॅम्पसाठी थरातच एखादं घड्याळ असावं लागतं.

काळ्या पाषाणात असं घड्याळ आहे. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, आपला दख्खनचा बेसाल्ट. त्यात थोडं पोटॅशियम असतं आणि त्यातले काही मोजके अणू किरणोत्सारी असतात. ते फार सावकाश मोडतात, निम्मे मोडायला साधारण १२५ कोटी वर्षं लागतात, आणि मोडताना त्यातल्या काहींपासून आर्गॉन नावाचा वायू तयार होतो. लाव्हा पातळ असतो तेव्हा आर्गॉन उडून जातो. लाव्हा थिजला की पुढे तयार होणारा आर्गॉन आतच अडकतो. म्हणजे थिजण्याच्या क्षणी घड्याळ शून्यावर आणि तिथून पुढे मोजणी सुरू. आर्गॉन किती, पोटॅशियम किती, यावरून वय निघतं.

दुसरं घड्याळ झिरकॉन नावाच्या बारीक स्फटिकाचं. त्यात युरेनियम असतं आणि त्याचं शिसं होत जातं. बेसाल्टमध्ये झिरकॉन सहसा मिळत नाही. पण घाटात लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधीकधी विटकरी-तांबडा पट्टा दिसतो ना, तसल्या पट्ट्यांत मधल्या काळात पडलेली राख अडकलेली असते आणि त्या राखेत झिरकॉन सापडतात. ब्लेअर शोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ आणि २०१९ मध्ये याच पद्धतीने सह्याद्रीतल्या थरांची वयं काढली. बहुतेक लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दहा लाख वर्षांपेक्षा कमी काळात बाहेर पडला. म्हणजे डायनासोर संपले त्याच सुमाराला.

तेव्हा सस्तन प्राणी होते का? होते, पण चिमुकले. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तळी साचायची, त्यांच्या गाळात तेव्हाचे जीव अडकायचे आणि वरून पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकायचा. तेलंगणात विकाराबादजवळच्या नास्कलला अशाच गाळातून मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे दात निघाले. जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ मध्ये त्या प्राण्याला नाव दिलं डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी. चिचुंद्रीएवढा जीव. नावातले हिस्लॉप म्हणजे नागपूरचे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं तिथे कॉलेज आहे. त्यांनी एकोणिसाव्या शतकात नागपूरच्या आसपास असल्याच गाळातून जीवाश्म गोळा केले होते. या चिमुकल्या दातांचं वय काढायला दातात घड्याळ लागलं नाही. वरचा लाव्हा आणि खालचा लाव्हा, दोघांचं वय माहीत असलं की मधला दात आपोआप चिमटीत सापडतो.

ही चिमटी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता राहुरीच्या विहिरीतली सगळ्यात विचित्र गोष्ट. पाषाण ६ कोटी ६० लाख वर्षांचा. त्याच्यावर टेकलेले गोटे आणि गाळ मात्र फार तर काही लाख वर्षांचे. मधली सहा कोटींहून जास्त वर्षं? गायब. त्या काळात काही घडलं नाही असं नाही. उलट सस्तन प्राण्यांचा खरा पसारा तेव्हाच वाढला. गुजरातेत सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे सस्तन प्राणी मिळाले, कच्छमध्ये चालत्या प्राण्यांचे देवमासे होतानाचे टप्पे मिळाले, हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत हत्ती, जिराफ, वानर सगळे मिळाले. आपल्याकडे या काळात थर साचण्यापेक्षा झिजणंच जास्त झालं. पुस्तकातली मधली पानं कोणी फाडून नेलीत आणि विहिरीत पाषाणावर गोटे जिथे टेकतात तीच ती फाटलेली कड. मी लहानपणी त्या कडेवर पाय ठेवून विहिरीत उतरलोय, तेव्हा अर्थातच काही कळत नव्हतं.

आपला दात ज्या गोष्टीतला असू शकतो ती या कडेच्या वर सुरू होते.

मुळा पुढे जाऊन प्रवरेला मिळते आणि प्रवरा गोदावरीला. या खोऱ्यात नदीने आपलाच जुना गाळ कापून दोन-तीन मजली उभ्या दरडी केल्यात. नेवासा म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरी आणि पैस खांब आठवतो. पुरातत्त्ववाल्यांना नेवासा म्हटलं की दगडी हत्यारं आठवतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी तिथे १९५०च्या दशकात काम केलं आणि नेवाशाच्या प्रवराकाठचे प्राण्यांचे जीवाश्म आणि त्यांच्याबरोबरची हत्यारं यांवर १९५६ मध्ये लेख प्रसिद्ध केला. एका प्रकारच्या हत्यारांना तर काही काळ 'नेवासियन' असंच म्हटलं जायचं. पुढे १९६६ ते १९६९ या काळात गुद्रुन कोर्विनस या जर्मन संशोधिकेने नेवाशाजवळ चिरकीला उत्खनन केलं आणि त्याहून जुन्या, हातकुऱ्हाडींच्या काळातल्या माणसांची जागा उघडी केली.

प्राण्यांमध्ये महत्त्वाचा होता बॉस नामाडिकस, म्हणजे जंगली बैल. नामाडिकस म्हणजे नर्मदेचा, कारण ओळख तिथल्या जीवाश्मांवरून झाली. आजच्या गावठी बैलापेक्षा दांडगा. त्याचाच गाववाला म्हणजे सरळ सुळ्यांचा प्रचंड हत्ती, पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला, जिथे आज लोक पक्षी बघायला जातात, तिथे गोदावरीच्या गाळात त्याचे अवशेष सापडले आणि गाय पिल्ग्रिम यांनी १९०५ मध्ये त्यावर लिहिलं. (गाय हे त्यांचं नाव होतं. रेकॉर्डिंगमध्ये मी इथे हसलो होतो, माफ करा.)

मग यांचं वय काय? इथे लाव्हा नाही, म्हणून चिमटी नाही. उरतात ती दुसरी घड्याळं, आणि प्रत्येकाची काहीतरी खोड आहे.

कार्बन-१४ सगळ्यांना माहीत असतं. त्यातले निम्मे अणू ५,७३० वर्षांत मोडतात, म्हणून साधारण पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजायला काही उरतच नाही. त्याच्या आतलं काम ते चोख करतं. जळगाव जिल्ह्यात पाटण्याला शहामृगाच्या अंड्याची कवचं सापडली. हो, शहामृग, खानदेशात! त्यांचं वय कार्बनवरून सुमारे २५,००० वर्षं निघालं. पण आपल्या उष्ण हवेत हाडातला मूळ जैविक भाग लवकर नाहीसा होतो, त्यामुळे जुन्या हाडावर हे घड्याळ बऱ्याचदा चालतच नाही.

दुसरं घड्याळ चुनखडीचं. गाळात पाणी मुरतं, वाळतं आणि पांढरे खडे तयार होतात. त्यांत थोडं युरेनियम अडकतं, त्याचं थोरियम होत जातं, त्यावरून खडा कधी बनला ते कळतं. नेवाशाच्या हत्यारांच्या थरातल्या चुनखडीवर हे करून बघितलं तेव्हा उत्तर आलं, ३,५०,००० वर्षांपेक्षा जास्त. किती जास्त? ते नाही सांगता आलं, कारण त्या पद्धतीची मर्यादा तेव्हा तिथेच संपत होती. शंभर किलोचा काटा आहे, वर पोतं ठेवलं, काटा टोकाला जाऊन अडकला. पोतं शंभरपेक्षा जड एवढंच कळलं. शिवाय खडे गाळ साचल्यानंतर बनतात, म्हणून गाळ त्यांच्याहूनही जुना.

तिसरी पद्धत वाळूच्या कणांची. वाळूच्या कणावर शेवटचं ऊन कधी पडलं होतं ते त्यात साठलेल्या ऊर्जेवरून मोजतात. ऊन पडलं की घड्याळ पुसलं जातं, गाडलं गेलं की पुन्हा चालू. म्हणजे नमुना अंधारात, पाइप ठोकून काढावा लागतो. उजेडात आला की संपलं. हेही आपल्या दाताच्या गोष्टीत परत येईल.

आता येतो खरा मसाला. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचं गाव आहे. १९८०च्या दशकात तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर मिळाला, आणि त्याच्याबरोबरच्या गाळात हातकुऱ्हाडी. राख म्हणजे घड्याळ! पोटॅशियम-आर्गॉन! इतकी वर्षं गाळात घड्याळ नाही म्हणून रडत होतो आणि हे समोर आलं.

१९८९ मध्ये पहिलं वय जाहीर झालं, साधारण १३ लाख ८० हजार वर्षं. खरं ठरलं तर इथली हातकुऱ्हाडींची माणसं फार म्हणजे फार जुनी. १९९३ मध्ये दुसऱ्या गटाने म्हटलं, छे, ही राख इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या महास्फोटाची आहे, वय ७५,००० वर्षं. १९९५ मध्ये शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांनी आर्गॉनच्या सुधारित पद्धतीने वय दिलं, ६ लाख ७० हजार. १९९८ मध्ये जॉन वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी भारतीय द्वीपकल्पातल्या राखांची रासायनिक तपासणी करून सांगितलं, सगळी टोबाचीच राख, सगळी ७५,००० वर्षांची. २०११ मध्ये आणखी एका लेखात पुन्हा साधारण ८ लाखांची बाजू मांडली गेली, म्हणजे टोबाचीच, पण त्याच्या आधीच्या एका स्फोटाची राख.

एकच राख. तेरा लाख, साडेसहा लाख, पाऊण लाख, आठ लाख.

कमेंटमध्ये कोणीतरी लिहीलच, "म्हणजे शास्त्रज्ञांना काहीच माहीत नसतं." थांबा. भांडण कशावर आहे ते बघितलं तर मजा येते.

टोबा इथून तीन हजार किलोमीटरपेक्षा लांब. राख आभाळातून पडली, पण पडली तशीच थोडी राहते? पावसाने डोंगरउतारावरून धुतली, ओढ्यात आली, नदीने वाहून आणली. वाटेत तिच्यात काय मिसळणार? आपला बेसाल्ट, दुसरं आहे काय इथे. आणि बेसाल्ट ६ कोटी ६० लाख वर्षांचा.

हिशोब करू. समजा राख खरंच ७५,००० वर्षांची आहे आणि नमुन्यातल्या दर शंभर पोटॅशियम अणूंपैकी फक्त एक बेसाल्टच्या कणांतून आलाय. ९९ गुणिले ७५,००० अधिक १ गुणिले ६,६०,००,०००, भागिले शंभर. उत्तर येतं साधारण ७,३४,०००. एक टक्का भेसळ आणि वय दहापट! (रेकॉर्डिंगमध्ये मी सत्तर लाख म्हणालो होतो. शून्य जास्त झाला.) राखेच्या काचेत बेसाल्टपेक्षा पोटॅशियम बरंच जास्त असतं, त्यामुळे इतकं फसायला वजनाने एक टक्का कचरा पुरत नाही, जास्त लागतो. म्हणजे "भेसळ झाली" म्हणून मोठी वयं सरळ मोडीतही काढता येत नाहीत. एकेका कणाचं वय वेगळं मोजलं तर भेसळ उघडी पडू शकते, म्हणूनच नंतरच्या पद्धतींवर जास्त भरवसा ठेवतात.

दुसऱ्या बाजूचीही अडचण आहे. राखेचं रसायन टोबाशी जुळतं हे मान्य, पण टोबा एकदाच फुटला नाही. साधारण पाच लाख आणि आठ लाख वर्षांपूर्वीही तो मोठा फुटला होता. या राखा एकाच घरातल्या भावांसारख्या, चेहरे फार मिळतेजुळते. बोरीची राख धाकट्याची की थोरल्याची, यावर सगळं अडलंय.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. राखेचं वय अगदी बरोबर निघालं तरी ते स्फोटाचं वय. ती राख नदीने पुन्हा उचलून दुसरीकडे टाकली असेल, तर ज्या थरात ती सापडली तो थर स्फोटानंतर कितीही काळाने साचलेला असू शकतो. हाडांचंही तेच. पूर जुनी दरड फोडतो, त्यातलं लाख वर्षांचं हाड काढतो आणि परवाच्या वाळूत टाकतो. म्हणून जीवाश्म हातात आला की तज्ज्ञ आधी त्याच्या कडा बघतात. कडा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर त्याने प्रवास केलाय, थराचं वय त्याला लावताना जपून. कडा धारदार, हाडं एकमेकांना जोडलेली असतील तर ते जनावर तिथेच गाडलं गेलं.

माझं मत विचाराल तर मी ७५,००० कडे झुकतो, मुख्यतः काचेच्या रसायनामुळे. पण मी कोड लिहिणारा माणूस आहे, राख मोजणारा नाही, त्यामुळे माझ्या मताला मामेभावाच्या ट्रॉलीइतकंच वजन द्या. रिकामी ट्रॉली.

पण इतकी भांडणं होऊ शकली ती एका कारणाने. बोरीचा थर जागेवर होता. ज्याला पहिलं वय पटलं नाही तो गेला, तोच थर शोधला, नवीन नमुना घेतला, पुन्हा मोजलं. तीस-पस्तीस वर्षांनी अजून चांगलं यंत्र आलं तरी परत जाता येतं. चूक दुरुस्त होऊ शकते, कारण मूळ फाइल जागेवर आहे.

आता आपल्या दाताकडे या. तो मुळेचा की प्रवरेचा, हे ट्रॉलीवाल्याने सांगितलं नाही, आणि आपल्याकडे वाळू कशी येते हे माहीत असलेला कोणी फार विचारतही नाही. पात्रातल्या आजच्या वाळूतला की काठाची दरड खरवडून काढलेल्या जुन्या थरातला? माहीत नाही. बाजूला चुनखडी होती का? माहीत नाही. वाळूच्या कणांचं घड्याळ? ट्रॉलीत ऊन लागलं, पुसलं गेलं. आजूबाजूची हाडं? चाळणीतून, मिक्सरमधून, कदाचित कोणाच्या तरी स्लॅबमध्ये. व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड झालेल्या फोटोची तारीख आणि जागा गळून जाते आणि नुसता फोटो उरतो, तसा नुसता दात उरलाय. जनावर कुठलं ते कोणी जाणकार त्याच्याकडे बघून सांगेल. दातावर थेट चालणाऱ्या काही पद्धती आहेत, पण त्यांनाही आजूबाजूच्या मातीतल्या किरणोत्साराचं मोजमाप लागतं, आणि ती माती आपल्याकडे नाही.

वाळूउपशावर आपण बोलतो ते पाण्याच्या अंगाने. विहिरी आटल्या, पूल उघडे पडले, ट्रॅक्टर रात्री फिरतात. ते बरोबरच आहे. पण खोऱ्यातल्या जुन्या गोट्यांचे आणि वाळूचे थर हीच आपली सहा कोटींच्या फाटलेल्या पानांनंतरची उरलेली पानं आहेत, आणि पाऊस पुढच्या वर्षी पडेल, हा थर पुन्हा साचणार नाही.

भावाने शेवटी विचारलं, "मग परत काही सापडलं तर करू काय?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. दरडीत हाड किंवा दात रुतलेला दिसला तर उपटू नका. लोकेशन चालू ठेवून फोटो काढा: एक जवळून, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून, आणि एक लांबून, ज्यात पूर्ण दरड दिसेल. वर काय आहे, खाली काय आहे, गोटे की गाळ की चुनखडी, ते बोलून रेकॉर्ड करा. मूळ फोटो जपून ठेवा आणि पाठवायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आतली माहिती गळत नाही. मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना मेल करा. आणि दरडीखाली उभं राहून काही खणू नका, त्या कोसळतात.

भावाने दात आता काडेपेटीत कापसात ठेवलाय. त्यावर मार्करने लिहिलंय: "राहुरी, वाळू, ट्रॉली नं. २." ट्रॉलीवाल्याला फोन करून तो विचारणार आहे की त्या दिवशी वाळू नेमकी कुठून भरली होती. ट्रॉलीवाला फोन उचलत नाहीये.